रात्रीच्या गळासाठी नकली आमिष कसे निवडावे?

पूर्व विदर्भात उन्हाळा तापला की दिवसा तलावाच्या पाळीवर उभे राहवत नाही. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, भंडारा या पट्ट्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि गळ टाकण्याचा शौक असलेली माणसे साहजिकच दिवस बुडाल्यावर घराबाहेर पडतात. पूर्वी त्यांच्याजवळ बांबूची काठी, नायलॉनची दोरी आणि डब्यात गांडुळे असत. आता मोबाइलवरून मागवलेले रबरी बेडूक, चकाकती पाती आणि प्लास्टिकचे रंगीबेरंगी मासे लहान गावांतही पोहोचले आहेत. त्यांच्या वेष्टनावर ‘नाइट’, ‘ग्लो’, ‘यूव्ही’ असे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. मात्र त्या शब्दांचा अर्थ काय आणि आपल्या तलावातल्या माशाला त्याचा काय उपयोग, हे सांगायला कोणी नसते. त्यामुळे बहुतेक जण डोळ्यांना जो रंग भावला तोच मागवतात आणि अंधारात एकही मासा लागला नाही, तर नशिबाला बोल लावतात.

रात्री आमिष निवडताना रंगाला जवळजवळ काहीच महत्त्व नसते. आमिषाची आकृती कशावर उठून दिसते आणि ते ओढताना पाणी किती व कसे हलवते, या दोन गोष्टींवरच सारे अवलंबून असते. असे का होते, हे एकदा नीट समजले की कोणतेही वेष्टन न वाचता निवड करता येते. त्यासाठी आधी माशाच्या डोळ्यांपासून सुरुवात करावी लागेल.

ल्युअर म्हणजे नेमके काय

गांडूळ, झिंगा, पिठाचा गोळा किंवा कोंबडीची आतडी ही खाण्याची आमिषे होत. त्यांना वास असतो, चव असते आणि ती पाण्यात नुसती पडून राहिली तरी मासा त्यांचा माग काढत येतो. ल्युअर हे मात्र रबर, प्लास्टिक, लाकूड किंवा धातूचे नकली आमिष असते. त्याला स्वतःची चव नसते आणि ते पाण्यात स्थिर पडले तर त्याच्यात व दगडात फरक उरत नाही. रीळ गुंडाळून ओढल्यावरच त्यात जीव आल्यासारखे वाटते. म्हणूनच जे मासे पळणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतात, तेच ल्युअरला लागतात. आपल्याकडे अशा माशांत मरळ, शिवडा आणि शिंगाडा हे प्रमुख आहेत. (येथे शिंगाडा म्हणजे मिशांचा मासा, तलावात पिकणारे फळ नव्हे.) रोहू मुख्यतः शेवाळ व वनस्पती खातो, तर कतला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्यांच्यासाठी रात्री ल्युअर फेकत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

अंधारात माशाला दिसते तरी काय

भर दुपारच्या उन्हाच्या तुलनेत पौर्णिमेचा प्रकाश सुमारे चार लाख पट मंद असतो. अमावस्येच्या रात्री नुसत्या चांदण्यांचा प्रकाश त्याहूनही कितीतरी पट कमी असतो, आणि जो काही असतो त्यातलाही बराच भाग पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो किंवा गढूळपणात विरून जातो. इतक्या कमी प्रकाशात डोळ्याचे काम पूर्णपणे बदलते.

माणसाच्या आणि बहुतेक माशांच्या डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. दांड्यासारख्या लांबट पेशी अत्यल्प प्रकाशातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड आणि काळोख यांतला फरक कळतो. रात्री शंकुपेशी जवळजवळ बंद पडतात आणि सगळा भार दंडपेशींवर येतो. भिवापूरकडच्या ज्या अंगणात लाल मिरची वाळत घातलेली असते, तिथे पौर्णिमेच्या रात्री उभे राहून पाहिले तर ती लालभडक मिरची काळी दिसते आणि शेजारच्या लिंबाची पाने तिच्यापेक्षा उजळ वाटतात. मिरचीचा रंग कुठे गेलेला नसतो. लाल प्रकाश ओळखण्याची शक्ती दंडपेशींत फारच थोडी असल्यामुळे आपल्या डोळ्यांनी तो रंग टिपणे थांबवलेले असते. माशाच्या बाबतीतही मूळ तत्त्व हेच आहे. दुकानात लालचुटूक दिसणारे ल्युअर रात्री त्याच्यासाठी काळेच असते.

माशाच्या डोळ्यांबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. माणसाची बाहुली प्रकाशानुसार लहान-मोठी होते. बहुतेक हाडांच्या माशांची बाहुली तशी बदलत नाही आणि त्यांना पापण्याही नसतात. त्याऐवजी त्यांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या शंकुपेशी आणि दंडपेशी दिवसा व रात्री आपापली जागा बदलतात. दिवसा शंकुपेशी प्रकाशासमोर येतात आणि रात्री दंडपेशी. ही अदलाबदल पूर्ण व्हायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तिन्हीसांजेचा वेळ शिकारी माशांना लाभतो तो काही अंशी यामुळेच. लहान मासे या बदलाच्या मध्यावर गोंधळलेले असताना मोठी मरळ उथळ पाण्यात शिरते. आणि याच कारणामुळे रात्री पाण्यावर अचानक टॉर्च मारला तर माशाचे डोळे दिपतात आणि तो लगेच पूर्ववत होऊ शकत नाही.

काळे ल्युअर काळोखात कसे दिसेल?

ही सर्वांत स्वाभाविक शंका आहे आणि तिचे उत्तर मासा कुठे उभा आहे यात दडलेले आहे. मासा पाण्याखाली असतो आणि पृष्ठभागावरच्या वस्तूकडे खालून वर पाहतो. पाण्यातून हवेकडे पाहताना प्रकाश वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचे सारे आकाश डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीबाहेर पृष्ठभागाची खालची बाजू आरशासारखी होते आणि तिच्यात तळाचाच काळोख परावर्तित होतो. आकाश कितीही काळे वाटले तरी ते तलावाच्या तळापेक्षा उजळ असते. त्या किंचित उजळ खिडकीत काळी वस्तू सरकली की तिची कडा सर्वांत स्पष्ट उमटते. पिवळी किंवा पांढरी वस्तूही खालून काळसरच दिसते, पण बाजूने पडलेला थोडाफार उजेड ती परत फेकते आणि तिची कडा पुसट होते.

याची खात्री घरच्या घरी करून घेता येते. कपडे वाळत घालायच्या दोरीला एक काळे, एक पिवळे आणि एक चंदेरी ल्युअर दोऱ्याने लटकवावे, अंगणातला दिवा बंद करून डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे थांबावे आणि मग जमिनीवर बसून आकाशाच्या पार्श्वभूमीवर तिन्हींकडे पाहावे. पिवळ्या रंगाचा मागमूसही राहत नाही आणि तिन्ही निव्वळ आकृत्या होऊन जातात. आता ती दोरी खाली घेऊन तीच ल्युअर काळ्या मातीवर ठेवून वरून पाहावी. या वेळी काळे नाहीसे होते आणि चंदेरी किंवा पांढरे अंधुकपणे उठून दिसते.

या दुसऱ्या निरीक्षणाकडे लोक दुर्लक्ष करतात. ‘रात्री काळे’ हा नियम अनेकांनी ऐकलेला असतो, पण तो पाण्याच्या वर तरंगणाऱ्या किंवा पृष्ठभागाला लागून चालणाऱ्या ल्युअरपुरताच खरा आहे. ल्युअर बुडून तळाजवळून जाणार असेल आणि मासा त्याच पातळीवर किंवा त्याच्या वर असेल, तर त्याच्यामागे आकाश नसून काळा गाळ असतो. अशा ठिकाणी पाणी नितळ आणि चंद्र वर असेल तर पांढरट किंवा हाडाच्या रंगाचे ल्युअर घेणे शहाणपणाचे आहे. तात्पर्य, विचार रंगाचा न करता मागच्या पडद्याचा करायचा असतो.

अंगाने पाणी वाचणारा मासा

डोळ्यांविषयी इतके सांगितल्यावर कोणीही विचारेल की पहिल्या पावसानंतर वैनगंगेचे पाणी चहासारखे गढूळ होते, दिवसासुद्धा त्यात वीतभर खालचे दिसत नाही, तरी शिवडा तिथे पोट कसे भरतो? याचे उत्तर त्याच्या अंगावर आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर गालफडापासून शेपटीपर्यंत बारीक ठिपक्यांची एक रेषा जाते. मरळ किंवा रोहू हातात धरून पाहिला तर ती खवल्यांवर स्पष्ट दिसते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या ठिपक्यांच्या आत केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात आणि शेजारून पाणी हलले की त्या वाकतात. काय हलले, कोणत्या बाजूला आणि कोणत्या दिशेने गेले, हे माशाला पाहिल्याशिवाय कळते. मात्र ही जाणीव जवळच्या अंतरापुरतीच असते. स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरापलीकडे ती झपाट्याने क्षीण होते.

या क्षमतेचा एक सुंदर पुरावा युरोपातल्या वेल्स नावाच्या मिशाळ माशावर केलेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून मिळाला. हा मासा आपल्या शिवड्याच्याच कुळातला आहे. पूर्ण अंधारात त्याच्या टाकीत लहान गप्पी मासे सोडले आणि अवरक्त कॅमेऱ्याने त्याच्या हालचाली टिपल्या. गप्पी सरळ समोर दिसेल किंवा जाणवेल अशा जागी तो थेट गेलाच, असे नाही. गप्पी ज्या वाटेने पोहत गेला होता त्याच वळणावळणाच्या वाटेने, मागे राहिलेल्या पाण्याच्या खळबळीचा माग काढत तो गेला आणि मागून त्याला गाठले. ती खळबळ दहा सेकंदांपर्यंत जुनी असली तरी तिचा माग त्याला लागत होता. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की हा माग काढण्यात चवीपेक्षा पार्श्वरेषेचा वाटा मोठा आहे.

गळ टाकणाऱ्यासाठी मला हा प्रयोग दहा जाहिरातींपेक्षा मोलाचा वाटतो. ल्युअर ओढताना पाण्यात एक अदृश्य वाट तयार होते आणि मासा त्या वाटेने येतो, हे एकदा पटले की रात्री ल्युअर कसे ओढावे हे आपोआप ठरते. झटके देऊन, मध्येच वेग वाढवून किंवा दिशा बदलून ओढले तर वाट तुटते आणि मागून येणारा मासा चुकतो. दिवसा ज्या झटक्यांनी मरळ चिडून झेप घेते, तेच झटके रात्री तिची झेप वाया घालवतात. म्हणून अंधारात संथ, एकसारखे आणि सरळ रेषेत ओढावे. थांबायचेच असेल तर काठाजवळ क्षणभर थांबावे, कारण पाठीमागे आलेला मासा तिथेच निर्णय घेतो.

शिवडा आणि शिंगाडा यांना आणखी एक देणगी आहे. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी लहान हाडांच्या साखळीने आतल्या कानाशी जोडलेली असते, त्यामुळे ते इतर अनेक माशांपेक्षा बारीक आवाज चांगले ऐकतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. पार्श्वरेषेच्या टप्प्याबाहेरचा मासा आवाजाने सावध होतो, आवाजाच्या दिशेने वळतो आणि जवळ आल्यावर अंगाने शेवटचा नेम साधतो. काही ल्युअरच्या पोटात छर्रे घातलेले असतात ते याच कारणासाठी.

छर्ऱ्यांचा आवाज माशाला घाबरवणार नाही का?

नितळ, शांत आणि उथळ तलावात, विशेषतः जिथे रोज गळ पडतो तिथे, घाबरवू शकतो. तिथे छर्रे नसलेले रबरी ल्युअरच बरे. गढूळ पाण्यात, वाऱ्याने लाटा उठलेल्या मोठ्या जलाशयात किंवा नदीच्या खोल डोहात मात्र आवाज हवा. त्यातही एका जाड गोळीचा खोल ठोका हा अनेक बारीक गोळ्यांच्या खुळखुळाटापेक्षा रात्री मला अधिक उपयोगी वाटतो, कारण मंद कंपन पार्श्वरेषा आणि कान या दोन्हींना कळते. पाळीवर जोरात पाय आपटत चालण्याचा आवाज मात्र कोणत्याही पाण्यात नुकसानच करतो. जमिनीतले हादरे काठच्या पाण्यात सहज उतरतात.

मग पेटीत काय ठेवावे?

मरळेसाठी पोकळ रबरी बेडूक हेच पहिले ल्युअर आहे. आपल्या मालगुजारी तलावांत (म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या तलावांत) कमळ, जलपर्णी, बेशरमाची झुडपे आणि शेवाळाचे थर असतात आणि मरळ त्यांच्याच सावलीत राहते. पोकळ फ्रॉगचे दोन्ही गळ पाठीवर वळवून अंगाला चिकटवलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून अडकल्याशिवाय सरकतो आणि मरळेने जबड्यात दाबला की रबर चेपून गळ उघडे पडतात. दुकानात असे फ्रॉग मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एकाला मागे रबरी झिरमिळ्या असतात. दुसऱ्याला मागे लहान फिरते पाते किंवा फिरणारे पाय असतात. दिवसा पहिला चालतो, पण रात्री दुसरा घ्यावा, कारण त्याची पाती ओढताना सतत कुरकुर करून पाणी फोडत राहतात आणि मरळेला माग मिळतो. रंग काळा किंवा गर्द तपकिरी असावा. पोटाकडची बाजू विशेष पाहावी, कारण अनेक काळ्या फ्रॉगची पोटे पांढरी असतात आणि माशाला दिसते ते पोटच.

विकत घेण्यापूर्वी फ्रॉग बोटांत धरून दाबून पाहावा. अंगठ्याच्या हलक्या दाबाने तो चेपला आणि गळाची टोके पाठीच्या वर आली तर माल चांगला आहे. रबर कडक असून टोके आतच राहिली तर मरळ झेप घेईल, पाणी उडेल आणि गळ रिकामा परत येईल. स्वस्त मालात ही उणीव फार आढळते. त्याच वेळी नाकाजवळचे दोरी बांधायचे कडे फिरवून पाहावे. तिथे फट असेल तर पाच-सात फेकींत फ्रॉगमध्ये पाणी शिरते आणि तो बुडायला लागतो.

शिवडा डोहातला आणि मोठ्या तोंडाचा मासा आहे. त्याच्यासाठी गोल पात्याचे स्पिनरबेट (तारेला फिरते पाते जोडलेले ल्युअर) किंवा जाड, वल्ह्यासारख्या शेपटीचा मोठा रबरी मासा घ्यावा. स्पिनरबेटची पाती दोन आकारांत येतात. विळ्यासारखे लांब-निमुळते पाते वेगाने फिरते आणि चमकते. चमक दिवसा कामाची असते. गोल पाते संथ ओढले तरी फिरते आणि काठीच्या मुठीपर्यंत जाणवेल इतकी धडधड देते. रात्री तीच हवी. काठी धरलेल्या हाताला ती थरथर थांबल्याचे जाणवले तर पात्याला शेवाळ गुंडाळले गेले आहे असे समजून लगेच ओढून घ्यावे.

शिंगाडा तळाशी चरतो. वजनदार डोक्याचा रबरी मासा तळाला टेकवत हळूहळू आणला तर तो कधी कधी लागतो, पण त्याच्यासाठी रात्री खरे आमिषच श्रेष्ठ आहे, असे माझे मत आहे.

आकाराबाबत रात्री कंजुषी करू नये. दिवसा ज्या तलावात बोटभर ल्युअर चालते तिथे रात्री त्याच्या दीडपट घ्यावे, कारण मोठे अंग अधिक पाणी ढकलते आणि मोठी आकृती लवकर दिसते. दोरीबाबत उलट सवलत मिळते. अंधारात दोरी दिसत नसल्यामुळे ती बारीक ठेवण्याचे कारण उरत नाही आणि कमळाच्या देठांतून मरळ ओढून काढायची असेल तर 40-50 पौंडी (तेवढे वजन पेलणारी) विणलेली दोरीच लागते. तीन तोंडांचे गळ मात्र काढून एकेरी गळ लावावेत. अंधारात मासा धडपडत असताना तीनतोंडी गळ हातात रुतला तर तो काढणे फार कठीण जाते. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर ही भीती आणखी कमी होते आणि सोडून द्यायचा मासाही कमी जखमी होतो.

अंधारात चमकणारे ‘रेडियम’ ल्युअर

गावात अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला रेडियम म्हणतात, पण या ल्युअरमध्ये रेडियम नसते. त्यांच्या रबरात किंवा रंगात बहुधा स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटसारखे रसायन मिसळलेले असते. ते टॉर्चचा प्रकाश शोषून घेते आणि नंतर हळूहळू हिरवट उजेडाच्या रूपात परत देते. ‘यूव्ही’ लिहिलेली ल्युअर वेगळी असतात. त्यांतला रंग अतिनील किरण पडत असतानाच उजळतो. हे किरण सूर्यापासून येतात आणि रात्री जवळजवळ नसतात, म्हणून ‘यूव्ही’ हा शब्द पाहून रात्रीसाठी जास्त पैसे मोजण्याला काहीच आधार नाही.

साठवलेला उजेड देणाऱ्या ल्युअरचा प्रश्न थोडा अवघड आहे. समुद्रात खोलवर अनेक जीव स्वतः प्रकाशतात, त्यामुळे तिथल्या शिकारी माशाला चमकणारे भक्ष्य ओळखीचे असते. आपल्या तलावातले बेडूक, झिंगे आणि लहान मासे प्रकाशत नाहीत. टॉर्चने नुकतेच भारलेले ल्युअर पहिली काही मिनिटे इतके झगझगते की नितळ पाण्यात ते अनैसर्गिकच वाटावे. तरीही ते वापरायचे असेल तर गढूळ पाण्यात, खोल डोहात वापरावे आणि भारल्यानंतर उजेड मंद होईपर्यंत थांबून मगच फेकावे. संपूर्ण अंग चमकण्यापेक्षा केवळ डोळ्याचा ठिपका चमकणारे ल्युअर अधिक बरे.

पौर्णिमा बरी की अमावस्या?

यावर पाळीवर तासन्‌तास वाद होतात. निवडीपुरते पाहायचे तर चंद्र असताना डोळ्यांचा वाटा वाढतो आणि चंद्र नसताना पार्श्वरेषेचा. पौर्णिमेच्या आसपास नितळ पाण्यात कमी आवाजाचे, नीटनेटक्या आकृतीचे ल्युअर घ्यावे आणि कमळांच्या, बेशरमाच्या सावलीच्या कडेने ओढावे, कारण शिकारी मासा सावलीत उभा राहून उजेडातून जाणाऱ्यावर लक्ष ठेवतो. पुलावरच्या दिव्याखालीही हेच घडते. दिव्याकडे कीटक येतात, कीटकांमागे लहान मासे येतात आणि मोठा मासा उजेडाच्या कडेला काळोखात थांबतो. अमावस्येला धडधड करणारे, पाणी फोडणारे ल्युअर घेऊन वेग आणखी कमी करावा.

उन्हाळ्यातल्या पाण्याचा हिशेब

ल्युअर बरोबर असूनही मासा लागत नसेल तर पाण्यातल्या प्राणवायूचा विचार करावा. 20 अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यात रात्री पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट श्वसनासाठी वापरतात. म्हणून शेवाळाने भरलेल्या तलावात प्राणवायू रात्रभर घटत जातो आणि पहाटेपूर्वी सर्वांत कमी असतो. अशा वेळी बहुतेक मासे सुस्त होतात आणि कधी कधी रोहू-कतले पृष्ठभागावर तोंड उघडून तरंगताना दिसतात. तेव्हा तिथे मासे भुकेले आहेत असे समजणे चूक आहे.

मरळेचे मात्र निराळे आहे. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी खास पोकळी असते आणि ती अधूनमधून वर येऊन हवा गिळते. शांत रात्री तो ‘चप्प’ असा छोटा आवाज स्पष्ट ऐकू येतो. मे महिन्यात आटलेल्या तलावावर गळ टाकण्याआधी निमूटपणे बसून हा आवाज कोणत्या बाजूने येतो ते ऐकावे. तो ऐकू आला की त्या जागेवर थेट ल्युअर आदळू नये. दोन-तीन मीटर पलीकडे टाकून त्या जागेवरून संथपणे ओढत आणावे. झेपेचा आवाज झाला तरी काठी लगेच खेचू नये, कारण रात्री मासा अनेकदा पहिल्या झेपेत हुकतो. दोरीला वजन जाणवल्यावरच काठी उचलावी.

गांडूळ असताना हा खर्च कशाला?

वाम, मांगूर आणि शिंगाडा यांच्यासाठी गांडूळच चांगले आणि त्यात खर्चही नाही. ढिवर-भोई समाजातल्या जाणत्या माणसांनी डोंग्यात बसून पिढ्यानपिढ्या जे ज्ञान मिळवले आहे, त्याला ल्युअर हा पर्याय नाही. ल्युअरचा फायदा दोन ठिकाणी आहे. ते मोठे पाणी लवकर तपासून देते आणि मासा ते गिळत नसल्यामुळे गळ बहुधा ओठालाच लागतो, म्हणून लहान मासा जिवंत सोडता येतो. पूर्वी मरळेसाठी जिवंत बेडूक गळाला टोचत असत. शेतातल्या किडींवर जगणाऱ्या त्या प्राण्याला रबरी बेडकामुळे सुटका मिळते, हेही मला महत्त्वाचे वाटते.

दिवा, जंगल आणि परवानगी

कपाळावरचा दिवा लाल उजेडाचा असावा. लाल प्रकाशाने आपल्या दंडपेशींवर फारसा ताण पडत नाही, त्यामुळे गाठ बांधून मान वर केली तरी अंधारात दिसत राहते. दिवा जमिनीकडे धरावा, पाण्याकडे नाही. मण्यार रात्रीच फिरतो, म्हणून पाळीवर चालताना जमीन दिसलीच पाहिजे आणि पायात उंच बूट असलेच पाहिजेत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड या तालुक्यांत वाघ जंगलाबाहेरही वावरतो. तिथे रात्री एकट्याने तलावावर जाऊ नये, आणि वनविभागाने मनाई केली असेल तर मुळीच जाऊ नये. ताडोबा-अंधारी, पेंच आणि नवेगाव-नागझिरा या संरक्षित क्षेत्रांतल्या पाण्यात गळ टाकणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो.

बाकीचे तलावही मोकळे नसतात. 1951 मध्ये मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे आले आणि आज त्यांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेने पैसे भरून बीज सोडलेले असते. रात्री गुपचूप गळ टाकणे म्हणजे त्या कुटुंबांच्या कमाईला हात घालणे आहे. आधी संस्थेच्या माणसाला भेटून परवानगी घ्यावी. कोणत्या कोपऱ्यात मरळ आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

पावसाळा सुरू झाल्यावर काठच्या गवतात केशरी-तांबूस पिलांचा थवा पृष्ठभागावर खदखदताना दिसतो. ती मरळेची पिले असतात आणि त्यांच्याखाली आई-बाप पहारा देत असतात. त्या काळात कोणतेही ल्युअर टाकले तरी ते त्यावर तुटून पडतात, कारण त्यांना तो पिलांवरचा हल्ला वाटतो. पालक उचलले गेले की इतर मासे तो थवा पाहता पाहता संपवतात. असा थवा दिवसा कुठे दिसला हे लक्षात ठेवावे आणि पिले मोठी होऊन पांगेपर्यंत रात्री तलावाच्या त्या बाजूला गळ टाकू नये.